दर वर्षी, त्याच तारखेला

आमच्या ऑफिसात ईमेल आणि कॅलेंडर नीट वापरायला शिकवण्यासाठी एकदा एक गुजराती बाई आल्या होत्या. "मगज खाली राखो, भाई," म्हणजे डोकं रिकामं ठेवा, हे त्यांचं पालुपद. मेल एकदाच उघडायची. दोन मिनिटांत उत्तर देता येत असेल तर लगेच द्यायचं, नाहीतर तारीख ठरवून ते काम कॅलेंडरात टाकायचं. महत्त्वाच्या दिवसाची सूचना आठ दिवस आधी लावायची. आणि जे दर वर्षी येतं ते एकदाच नोंदवून 'दर वर्षी'वर खूण करायची.

मला हे फार पटलं. वडिलांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि डोक्यात काही राहत नव्हतं. आदल्या दिवशी वाचलेलं पानसुद्धा नाही. वर्षश्राद्ध काकांनी आठवण केली म्हणून पार पडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताच मी कालच्या तारखेवर नोंद केली, 'दर वर्षी'वर खूण केली. संध्याकाळी मांजलपूरच्या फ्लॅटवर आल्यावर आईला सांगितलं, "आता विसरायची भीती नाही. मशीन सांगेल."

पुढच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी पडद्यावर सूचना आली. बाबांचं श्राद्ध, आठ दिवस. मी लगेच मांडवीजवळ राहणाऱ्या आमच्या गुरुजींना फोन लावला. इतक्या आधी सांगतोय याचं थोडं कौतुकही माझ्या आवाजात असावं.

"तिथी कुठली?"

"मार्गशीर्ष वद्य पंचमी."

पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"अहो, ती शनिवारीच झाली."

"नाही, पुढच्या बुधवारी आहे."

"मागच्या वर्षीची तारीख धरलीत. तिथी यंदा अकरा दिवस अलीकडे आली. एवढी पुस्तकं वाचता, एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तरी बघायचं!" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "असू दे. अमावास्येला करून टाकू."

फोन ठेवला. गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला येतात हे मला काय माहीत नव्हतं? तरी मी खूण केली होती. पण अंगावर काटा आला तो त्या चुकीने नाही. मला शनिवार आठवला. अर्धा दिवस भरून मी घरी जेवायला गेलो होतो. पानात खीर होती, वडे होते, आमसुलाची चटणी होती. गॅलरीच्या कठड्यावर कावळा काहीतरी टोचत होता. "आज काय विशेष?" मी विचारलं होतं. "काही नाही, जेव," आई म्हणाली होती. मी शेजारी पुस्तक उघडं ठेवून दोनदा खीर मागून घेतली होती.

घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत होती. चपला न काढताच मी विचारलं, "शनिवारी बोलली का नाहीस?"

तिने वर पाहिलं नाही. "तू म्हणालास ना, मशीन सांगेल. मला वाटलं, त्याने सांगितलंय, पण तुला करायचं नाही. शिकलेल्या माणसाला जबरदस्ती कशी करायची?"

तीन दिवस ती हे मनात ठेवून मला जेवू घालत होती. मी चपला काढल्या.

अमावास्येला श्राद्ध केलं आणि ती 'दर वर्षी'ची खूण पुसली. मेल मी अजून त्या बाईंच्या पद्धतीनेच आवरतो. विम्याचा हप्ता, वाढदिवस, जे जे तारखेने येतं त्याला ती खूण ठीक आहे. तिथीच्या गोष्टी मात्र पाडव्याला नवं पंचांग आलं की आई चष्मा लावून वाचते, मी कागदावर उतरवतो आणि ऑफिसात एकेक वेगळी घालतो.

पहिल्या पाडव्याला तिने विचारलं, "ते वाजलं की मला इथे कळेल का?"

"नाही. ऑफिसातच दिसतं."

"मग खाली लिहून ठेव, घरी जाऊन आईला सांगणे."

मी प्रत्येक नोंदीखाली तेवढी ओळ घातली.