पाठीवरचा हात

लघवीला गेलं की नुसती आग व्हायची, आणि मला एकच भीती, आता बाळाला दूध पाजायचं का नाही? गावात घरोघरी तब्येतीची चौकशी करणाऱ्या आशाताईंनी त्यांच्या फोनवर, व्हिडिओत, डॉक्टरीणबाई लावून दिल्या. ओसरीवर मामंजी बसलेले, म्हणून मी चुलीकडं तोंड करून हळूच बोलत होते.

"कमरेच्या वर असं थोपटा. दुखतं का?" बाईंनी स्वतःच्याच पाठीवर हात ठेवून दाखवलं. हात त्यांचा, त्यांच्याच पाठीवर, पण मला वाटलं माझ्याच पाठीवर पडला. एवढ्या लांबून हात पोचतो तरी कसा?

दुखलं नाही. तापही नव्हता.

"पाणी कमी पिता ना?"

रानात आडोसा नसतो, म्हणून आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही. हे त्यांना तिथं बसून कसं कळलं?

"गोळ्या लिहून देते. बाळाला खुशाल पाजा. ताप आला तर मात्र लगेच दवाखान्यात या."

सासूबाई मागून म्हणाल्या, "फोनात बघून दुखणं कळतंय व्हय कुणाचं?" पण बोलता बोलता त्यांनीच तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला. मी प्यायले. उरलेलं पाणी, रानात निघता निघता, त्या स्वतः पिऊन गेल्या.