आउटफिल्डमध्ये झिजवलेला खांदा

मी यावल सोडलं त्या सकाळी आमच्या बागेत केळीची कापणी होती. आमच्याकडे घड जमिनीला टेकू देत नाहीत. टेकला की साल काळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. एकानं कापायचा, दुसऱ्यानं खांद्यावर घ्यायचा. तो दुसरा मी होतो. एसटीची वेळ झाली तसं खांद्यावरचं गोणपाट मी धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या हातात दिलं. वडील, आमचे आबा, मागं न बघताच म्हणाले, "जाय बापा, आम्ही पाहून घिऊ." आणि मी खुशाल गेलो!

जळगावच्या कॉलेजात सॉफ्टबॉल खेळता खेळता बेसबॉलला लागलो, आणि जपानातल्या एका छोट्या शहराच्या क्लबनं मला मैदानाच्या पार कडेला, लेफ्ट फील्डला उभं केलं. आबा मोबाईलवर मॅच बघत. बॉल येईपर्यंत आउटफिल्डर नुसता उभाच असतो. त्यावर आबा म्हणत, "उभंच राह्यचं व्हतं तं बागात काय जागा कमी व्हती?" ड्रेसिंग रूममध्ये हे सांगून मी हशा पिकवायचो. आता सांगवत नाही.

नाव झालं, खोटं कशाला बोलू? कुंपणापासून फेकलेला माझा थ्रो थेट होम प्लेटला, बॅटरच्या पायाशी पोचायचा. यावलच्या शाळेत माझा फोटो लागला. त्याच शाळेच्या पटांगणात मंदानं मुलींचा सॉफ्टबॉल संघ उभा केला. पण थ्रो करून करून माझा खांदा गेला. ऑपरेशन झालं, खेळणं सुटलं. क्लबनं कोचचं कॉन्ट्रॅक्ट पुढं केलं. सही करण्याआधी थोडे दिवस घरी आलो.

बागेत कापणी चालली होती. मजूर मिळत नव्हते, म्हणून घडाखाली मंदा. मी पुढं झालो, तर माझा हात कानाच्या वर जाईना. आबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली! "बस बापा, दमला असशीन." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मंदा म्हणाली, नाशिकच्या एका अकादमीनं तिला कोच म्हणून बोलावलंय. "जावंसं तं लय वाटतं दादा, पन आबा-आईजवळ कोन?"

"पाहू," मी म्हणालो.

"तुहं पाहू मले माहीत आहे," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना विचारतो, आपली जागा मागं रिकामी राहिली असं वाटतं ना तुम्हाला? अहो, रिकामी कुठली! तिथं कुणीतरी स्वतःचं जाणं थांबवून बसलंय. आणि गावच्या मंडळींनो, शाळेतला माझा फोटो उतरवा नाहीतर ठेवा, पण शेजारी मंदाचा लावा.

जपानला परतल्यावर मी क्लबला नकार कळवला. मग मंदाला फोन केला, "बॅग भर." तिनं आधी माझ्या तिकिटाची तारीख विचारली. शेवटी आईला सांगितलं, कायमचा येतोय. आई हरखली. भरताची वांगी आणते म्हणाली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करते म्हणाली. आणि मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "मंग परत कधी जाशीन?"

"नाही जात, आई."

"बरं," ती म्हणाली. लहान पोराची समजूत घालतात, तसं.

माझं घर आता हे असं आहे. तिथं माझा शब्द कुणी खरा धरत नाही, तरी माझ्यासाठी चूल पेटते.