अण्णांनी थेंब टाकले होते

माझ्या नवऱ्याला, संदीपला, हे माहीत नाही. माझ्या आईलाही नाही. आणि ‘आमची वैशाली माझ्यापासून काही लपवत नाही,’ असं आई सगळ्यांना सांगत असते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, अण्णांच्या समोर बसून चहा पिणार नाही. माशांपासून सुरू करते. माशांपासून केलं की निदान सुरू तरी होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. परभणीकडे पाणीपुरवठ्यात त्यांची सगळी नोकरी झाली. पाण्यात क्लोरीन किती आहे हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस. सासूबाई गेल्या, तसं आम्ही त्यांना इकडे पुण्याजवळ नेऱ्याला आणलं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली भाताची खाचरं, समोर अर्धवट बांधलेल्या इमारती. संदीप रोज ऑफिसला जातो, मी बहुतेक दिवस घरून काम करते. अण्णांनी दिवसभर करायचं काय? त्यांनी हॉलमध्ये माशांची टाकी मांडली. पुढे काचेला शेवाळ धरायला लागलं, तेव्हा पिरंगुटच्या एका दुकानातून सहा ओटो घेऊन आले.

ओटो म्हणजे बोटाच्या पेराएवढे तपकिरी मासे. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडून खातात. दिसायला काही नाही, पण नाजूक किती! नदीतून पकडलेले, वाटेत उपाशी ठेवलेले. घरी आणले की आठवड्यात निम्मे मरतात म्हणे. म्हणून थेट टाकीत सोडायचे नाहीत, चार आठवडे वेगळे ठेवून खायला लावायचं. आणि वेगळे कुठे? माझ्या ड्राय बाल्कनीत — वॉशिंग मशीनला खेटून ठेवलेल्या मोठ्या टबात.

पहिल्या दिवशी अण्णा दोन तास स्टुलावर बसले होते. बारीक नळीला गाठ मारून टबातलं पाणी थेंब थेंब माशांच्या पिशवीत सोडत होते. एकदम नवं पाणी त्यांना सोसत नाही, म्हणाले. मग सुरू झाले नियम. बाल्कनीत फिनेल नाही. डासांचा स्प्रे नाही. टबावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. दुधीची चकती उकडून माझ्या स्टीलच्या चमच्याला बांधून पाण्यात सोडायची, आणि सकाळी ती सडायच्या आत काढायची. सडतच असे. तो वास माझ्या स्वयंपाकघरात येई. मी दिवसाला पाच मीटिंगा करणारी बाई. मला घरात कपडे वाळत घालायला जागा नव्हती — माशांचं पोट भरलं का, ही चर्चा मात्र तिन्ही त्रिकाळ.

मासे आधी दुधीला तोंडही लावत नव्हते. तेव्हा अण्णांनी हिराबाईंना गाठलं. सोसायटीच्या भिंतीला लागून त्यांचा गोठा आहे, गुरांना पाणी प्यायचा सिमेंटचा हौद आहे. त्या हौदातले हिरवे दगड अण्णा पिशवीत घालून आणायचे, म्हणजे माशांना ओळखीचं खाणं मिळेल. हिराबाई हसून हसून बेजार. ‘‘आवो आण्णा, लोकं शेवाळ घासून काडत्यात आन तुमी पिशवीत घालून नेताय व्हय! लई झालं म्हनायचं ह्या माशांचं!’’

पण ते शेवाळ मासे खाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात दुधीलाही चिकटले. ‘‘वैशाली, ये बरं इकडं. पोट बघ कसं गोल झालंय,’’ अण्णा मला हाक मारायचे. मी एकदाही गेले नाही. मला काम होतं — खरंच होतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

टबातलं थोडं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागे. आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यात क्लोरीन भरपूर. म्हणून अण्णा आदल्या संध्याकाळी दोन बादल्या भरून, त्यात क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब मोजून टाकून, वर ताट झाकून ठेवत. त्याही संध्याकाळी त्यांनी टाकले. मी दारात उभी होते. ते ओठ हलवत मोजत होते, म्हणून मी थांबले. हे लक्षात ठेवा. मी दारात उभी होते.

सकाळी मशीन लावलं. अण्णा आले आणि म्हणाले, ते थरथरतं, मासे घाबरून कोपऱ्यात जातात, दुपारी लावलं तर नाही का चालणार? माझी नऊची मीटिंग नुकतीच वाईट गेली होती. मी म्हणाले, ‘‘अण्णा, हे घर माशांचं आहे की माणसांचं?’’ ते पिशवी घेऊन हिराबाईंकडे निघून गेले. त्यांनी उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग आला.

टँकर उशिरा होता. मशीन भरलं आणि नळ कोरडे पडले. सिंकमध्ये भांडी, आणि घरात पाणी फक्त त्या दोन बादल्यांत. मी ते वापरलं. सगळं. अकराला नळ आले — उग्र वासाचं पाणी, डोळे चुरचुरावेत असं. मी बादल्या पुन्हा भरल्या, होत्या तेवढ्याच, आणि ताटं झाकली. थेंब टाकायला हवेत हे मला माहीत होतं. किती टाकायचे ते माहीत नव्हतं, असं मी दोन-तीन वर्षं तरी स्वतःला सांगितलं. बाटली शेजारच्या फळीवर होती. तिच्यावर अण्णांनी ते मराठीत लिहून ठेवलं होतं.

मीटिंग सुरू झाली. अण्णा परत आल्यावर सांगू, असं ठरवलं. इथपर्यंत काय, चूकच म्हणायची ना? कुणाच्याही हातून होते. इथपर्यंतचं मी कदाचित कुणाला सांगूही शकले असते. पण ते आले तेव्हा मी लॅपटॉपसमोर होते. दार वाजलेलं ऐकलं. त्यांना सर्दी होती, दोन दिवस नाक चोंदलेलं. नाहीतर ताट काढताच त्यांना कळलं असतं. नंतर बाल्कनीतून प्लास्टिकच्या मगाचा आवाज आला. पाणी टबात पडण्याचा आवाज. मी म्यूटवर होते, माझी पाळी यायला वेळ होता. उठून चार पावलं जायचं होतं, की फक्त ओरडायचं होतं.

ओतू देत — असं माझ्या मनात आलं. शब्द हेच. ओतू देत, एकदाची बाल्कनी मोकळी होईल.

आणि मी बसून राहिले.

दुपारपर्यंत मासे वर येऊन तडफडू लागले. अण्णांनी धावपळ केली, हॉलच्या टाकीतलं पाणी आणून घातलं, पण चार वाजेपर्यंत सहाही गेले. चौथा आठवडा सुरू झाला होता. अण्णा टबाजवळ खाली बसले होते. त्यांनी बादलीच्या तळाचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. मग मला विचारलं, ‘‘काल मी थेंब टाकले होते ना गं? तू होतीस की दारात.’’

मी म्हणाले, ‘‘मी नाही बघितलं, अण्णा.’’

हे ते. हे मी सांगायला आले होते.

मासे काय, सहा मासे होते. मला त्यांचं विशेष वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. पण ज्या माणसाने गावाला पाजायचं पाणी जन्मभर तपासलं, त्याला त्या दिवशी वाटलं की आपल्याला साधे थेंब आठवत नाहीत. टाकले असं डोळ्यांसमोर दिसतंय आणि प्रत्यक्षात टाकलेले नाहीत — मग आणखी काय काय असं असेल? ते प्रत्येक गोष्ट कागदावर लिहू लागले. गॅस बंद केला. दार लावलं. संदीपला काळजी वाटली. त्याने एका रात्री मला विचारलं, ‘‘तुला काही जाणवतंय का गं अण्णांचं?’’ तेव्हाही संधी होती. मी म्हणाले, ‘‘थोडं जाणवतं.’’ काय जाणवत होतं मला? काहीही नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, आणि म्हणाले की स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे. अण्णांनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. पिरंगुटला बसने जाणं त्यांनी आपणहून सोडलं. वाटेत घर विसरलो तर, म्हणाले. हॉलची टाकी एका शेजाऱ्याला देऊन टाकली. मला बाल्कनी मिळाली. तिथे मी कपडे वाळत घालते.

मध्ये हिराबाई गेटपाशी भेटल्या. ‘‘आण्णा दिसत न्हाईत आताशा? लई हुशार मानूस. काय झालं वो त्यास्नी?’’

‘‘वय झालं,’’ मी म्हणाले.

याला आता चार वर्षं होतील. रोज सांगू शकले असते. अगदी परवाही, आम्ही दोघंच घरात होतो, पाऊस नव्हता, फोन नव्हता, कुठलाच अडथळा नव्हता. सांगितलं तर ते रागावणार नाहीत, हेही मला माहीत आहे. ‘‘असू दे’’ म्हणतील. बहुधा त्यामुळेच सांगत नसेन — की हेही मी आता सजवून सांगतेय? मला माझाच वैताग येतो.

आज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. ‘‘वैशाली, मी बीपीची गोळी घेतली का गं?’’ घेतली होती. त्यांच्या हातातल्या कागदावर त्यांच्याच अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

‘‘घेतली, अण्णा,’’ मी म्हणाले. ‘‘मी बघितलं.’’

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि माझ्यावर विश्वास ठेवून आपल्या खोलीत गेले.