झांझिबारला निघालेली आमची कॉलनी

सहल संपली की किस्से सुरू होतात, असा माझा समज होता. आमच्या बाबतीत उलटं झालं. घरातून निघण्याआधीच एवढे किस्से जमले, की विमानात बसल्यावर नवीन बोलायला काही उरलंच नव्हतं.

इस्लामपूरजवळच्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीत रोज संध्याकाळी पाच जणांची बैठक असते. मी, माझी बायको सुजाता, कारखान्यातून रिटायर झालेले पोपटराव, त्यांच्या हौसावहिनी आणि फौजेतून आलेले सुभेदार आण्णा. पोपटरावांचा महेश टांझानियात एका साखर कारखान्यावर केमिस्ट आहे. ऐन दिवाळीत तिकडं गाळप चालू असतं, म्हणून सलग दुसऱ्या दिवाळीलाही त्याला रजा मिळाली नाही. फोन ठेवून वहिनी त्यांच्या शेळ्यांना पाला टाकून आल्या. मग म्हणाल्या, "त्यो येत न्हाई तर मी जाती."

महेशला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, एकटी कशाला, सगळ्यांना घेऊन ये. सीझन संपला की झांझिबारला जाऊ, तिथला समुद्र बघण्यासारखा आहे. झालं, आमचं ठरलं.

*

बातमी आटपाडीला पोपटरावांच्या मेव्हण्यापर्यंत पोचली आणि तो मुद्दाम भेटायला आला. चहा पिता पिता त्यानं सगळी चौकशी केली. पोरगा काय करतो तिथं? साखर कारखान्यात आहे. म्हणजे ऊस आहे? आहे. ऊन आहे? आहे. माणसं शेळ्या पाळतात? पाळतात, पोपटराव म्हणाले.

मेव्हण्यानं कप खाली ठेवला. "मग दाजी, एवढ्या लांब जाऊन बगायचं काय?"

पोपटराव दोन दिवस खरोखर विचारात पडले होते.

*

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, तेव्हा हौसावहिनी घरी नव्हत्या. त्यानं रीतीप्रमाणे शेजारच्या आक्कांना विचारलं, या बाईंची वागणूक कशी आहे, काही तक्रार वगैरे?

आक्का साध्या. सरकारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्या म्हणाल्या, बाई सोन्यासारखी आहे, अडल्यानडल्याला धावून येते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पोलीस उठायला लागला तसा आक्कांनी त्याला थांबवलं.

"पर शेळ्या लय मोकाट सोडती. तेवढं लिवा."

पासपोर्ट येईपर्यंत वहिनींनी एकही शेळी दाराबाहेर सोडली नाही.

*

तिकडं जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. त्यासाठी आम्ही सगळे पुण्याला गेलो. सुभेदार आण्णांनी सीमेवर हयात काढलेली, त्यामुळं गाडीत सगळ्यांना धीर द्यायचं काम आपोआप त्यांच्याकडं गेलं. सुई टोचताना दुसरीकडं बघायचं नाही, सरळ सामोरं जायचं, हे त्यांनी वहिनींना कात्रजच्या घाटात समजावलं.

वहिनी आत गेल्या, लस घेऊन पदर सारखा करत बाहेर आल्या. नंतर आण्णा गेले आणि नर्स पाण्याचा ग्लास शोधत बाहेर आली. आण्णा खुर्चीतच कलंडले होते.

परत येताना शिरवळला चहाला थांबलो. सगळे उसाच्या भावावर बोलत होते. शेवटी आण्णाच म्हणाले, "शत्रू समोरून येतो. ही बाजूनं आली."

*

दर रविवारी महेश व्हिडिओ कॉलवर आम्हाला स्वाहिली शिकवायचा. चहाला तिथं चाय म्हणतात, चपातीला चपाती, गाडीला गारी, आंब्याला एम्बे. आम्ही माना डोलवत होतो. पोपटरावांनी मात्र फोन जवळ घेतला आणि विचारलं, एवढंच शिकायला तुला इतकी वर्षं लागली का?

महेश हसला. मग म्हणाला, तिथं कुणी घाई केली की लोक 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. रस्त्यात, दुकानात, हॉटेलात, सगळीकडं हेच ऐकू येईल.

वहिनींना फोनवर नीट ऐकू आलं नसावं. कॉल संपल्यावर त्यांनी सुजाताला बाजूला घेऊन विचारलं, "सारखं पोळी पोळी म्हणत्यात, आन् लाटतं कोण?"

*

माझी बायको मुख्याध्यापिका आहे. पाण्याच्या गावाला जायचं तर तरंगता आलं पाहिजे, असा तिनं फतवा काढला. मग पोपटरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर शिकवणी सुरू झाली. कमरेला दोर बांधून सुजाता पाण्यात आणि दोराचं टोक धरून आण्णा वरच्या पायरीवर. मी सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलो होतो.

सुजाता दर थोड्या वेळानं वर बघून बजावायची, दोर सोडू नका. त्यात आण्णा तिला पाय कसे मारायचे ते सांगायला लागले. तिला कुणी शिकवलेलं खपत नाही. दोघांचं चांगलंच वाजलं. वाद घालून दमल्यावर तिनं पुन्हा बजावलं, दोर घट्ट धरा.

आण्णांनी दोन्ही मोकळे हात वर करून दाखवले. "कवाच सोडला, ताई. तुमी भांडत व्हता तवाच."

*

आणि शेवटी आम्ही पोचलो. महेश विमानतळावर आला होता. वहिनींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, वाळलाय म्हणाल्या, आणि मगच समुद्राकडं बघितलं. दुपारची वेळ होती. हॉटेलवर आमच्या खोल्यांच्या पायरीपर्यंत निळं पाणी आलं होतं.

वहिनींचं माहेर दुष्काळी आटपाडीकडचं. मेंढरांमागं हिंडणारं घर. पहाटे उठायची सवय त्यांना तिथलीच. दुसऱ्या दिवशी त्या उठून बाहेर आल्या, तर समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत ओली वाळू. त्यांनी आत जाऊन नवऱ्याला हलवलं, पाणी गेलं म्हणून सांगितलं. पोपटराव कूस बदलून म्हणाले, "सांजच्याला यील," आणि परत झोपले.

महेशनं आईला ओहोटी समजावली. इथं पाणी फार लांब जातं आणि आपलं आपण परत येतं. वहिनींनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. गेलेलं पाणी त्यांनी परत आलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या वाळूत जाऊन बसल्या. नाश्त्याला बोलावलं तरी उठल्या नाहीत. लांब ओल्या वाळूत तिथल्या बायका वाकून समुद्री शेवाळाची शेती करत होत्या. वहिनी त्यांच्याकडं बघत राहिल्या.

ऊन चढलं तसं त्या बायका डोक्यावर ओझी घेऊन परत यायला लागल्या, आणि त्यांच्या मागं मागं पाणी. ते पायाला लागलं तेव्हा वहिनी उठल्या, गल्लीत नळाला पाणी आल्यावर मारावी तशी त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "आलं गं, पानी आलं." त्या बायकांना एक शब्द कळला नसेल, पण त्यांनी हात वर करून उलट हाक दिली.

आम्ही सगळे धावत खाली गेलो. वहिनी गुडघाभर पाण्यात होत्या. त्यांनी ओंजळ भरून घेतली, चव घेतली, तोंड वाकडं केलं.

"खारं हाय," त्या म्हणाल्या. "पर आलं की."