केळव्याला न गेलेले मास्तर

पालघरच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर नागोराव मूळचे परभणीकडचे. एवढ्या लांब कशाला आलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "इथली हवा मानवते." हवा कसली मानवतेय डोंबल! दर उन्हाळ्यात माणूस घामोळ्यांनी हैराण. खरं कारण केळवे. तिथे पुंडलिक राहायचा, आणि त्याची माफी मागायची म्हणून मास्तरांनी ही नोकरी धरली होती. धरली त्याला नऊ वर्षं झाली. केळव्याची एसटी रोज शाळेवरून जायची, आणि मास्तर रोज तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे.

गोष्ट छत्तीस सालची. दोघे एकाच विद्यापीठात सकाळी चित्रकला शिकायचे आणि संध्याकाळी बॉक्सिंग. एकदा वर्गात मॉडेल आला नाही, म्हणून पुंडलिक चौरंगावर बसला. नागोरावांनी तीन दिवस त्याचा चेहरा काढला. तिसऱ्या दिवशी त्यांना त्याच्या डाव्या बुबुळावर साय धरल्यासारखा बारीक ठिपका दिसला. डावीकडून कुणी आलं तर त्याला पत्ताही लागत नव्हता. बॉक्सिंगआधीच्या डॉक्टरच्या तपासणीत पठ्ठ्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून सुटला होता. जे दिसतं ते काढायचं, अशी वर्गाची शिस्त. नागोरावांनी ठिपका काढला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

चारच दिवसांनी अंतिम सामना, समोरासमोर हेच दोघे. विजेत्याला मिळणाऱ्या विद्यापीठाच्या बिल्ल्यासाठी नागोराव वर्षभर झुरले होते. तिसऱ्या फेरीत हरायची पाळी आली, तेव्हा त्यांनी डावी बाजू धरली. पुंडलिकाला ठोसा दिसलाच नाही. डोळ्यात होती नव्हती ती नजर गेली, बापाने त्याला घरी नेलं, शिक्षण तिथंच संपलं. बिल्ला नागोरावांना मिळाला. तो त्यांनी पुढे कुणाला दाखवला नाही.

पासष्ट साली केळव्याची हंसा नावाची नवी मुलगी वर्गात आली. स्मरणचित्रात तिनं बाप काढला होता, पानवेलीची पानं एकावर एक रचून लावत बसलेला, डावा डोळा मिटलेला.

"हा डोळा असा का?" मास्तरांनी विचारलं.

"बाबांना त्यानं दिसत नाय. कॉलेजात ठोसा लागलेला."

त्या रविवारी मास्तर एसटीत बसले. अर्धी गाडी सुटीला समुद्रावर निघालेल्या तारापूरच्या बांधकामावरच्या मजुरांची, त्यांच्या हिंदी गप्पा चाललेल्या. मास्तर मनात माफीचं एकच वाक्य घोकत होते.

पुंडलिक वाडीत बाकावर पानं लावत बसला होता. हंसाच्या आईनं पाणी आणून दिलं. मास्तर पुंडलिकाच्या डावीकडे, बाकाच्या टोकाला टेकले. तिथून बोलणं सोपं जाईल, असं वाटलं असेल.

"पुंडलिका, मी नागोराव. तुझा डोळा अधू आहे, हे मला सामन्याआधी माहीत होतं."

पुंडलिक पानं लावत राहिला. "मलाही ठावं होतं, तुला म्हायती हाय ते. आदल्या दिवशी वर्गात तुजं चित्र बघितलं मी. ठिपका काढलेलास."

मास्तरांनी विचारलं, "मग सामना का सोडला नाहीस?"

"का सोडू? उलट निर्धास्त झालो. म्हटलं, आता नागोरावाला म्हायती हाय, तो त्या बाजूनं येणार नाय."

एकोणतीस वर्षं मास्तर समजत होते की आपण आंधळ्या बाजूवर ठोसा मारला. ठोसा पडला होता तो विश्वासावर, आणि ते त्यांना आज कळलं. घोकलेलं माफीचं वाक्य आता अपुरं होतं.

पुंडलिकानं हातातली पानं टोपलीत ठेवली आणि उजवीकडची जागा हातानं झाडली.

"आता तरी हिकडून येऊन बस," तो म्हणाला.