पिवळ्या गाडीची बॅटरी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांची पिवळी गाडी अजून सुरू होते?" मी घाईने "हो" म्हटलं. तेव्हा ते खरं नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे.

ती दोन माणसांची बुटकी, वेगवान गाडी वर्षातून चारदाच बाहेर पडते. यंदा दसऱ्याला मी तिच्या बॅटरीलाही हळदकुंकू वाहिलं आणि भक्तिभावाने पाणी शिंपडलं. गेल्या आठवड्यात आजोबांनी किल्ली फिरवली, तर गाडी मुकीच. ते हळूच म्हणाले, "विकून टाकू आता."

काल वायरिंगवाले इब्राहिमभाई आले. बॅटरीवरचं हळदकुंकू पाहून हसले. "वहिनी, पूजा बॉनेटची करा. हिला व्हॅसलीन लावा!"

त्यांनी वायरी सोडवून बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुतली, टोकं कोरडी केली आणि पुन्हा पूड धरू नये म्हणून व्हॅसलीन चोपडलं. रात्रभर चार्जिंगला ठेवून आज सकाळी पुन्हा आले आणि तांदूळ निवडावेत तशी एकेक जुनी वायर बोटांनी तपासत बसले.

मी विचारलं, "उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी?"

"आतलं घड्याळ चालूच असतं ना, वहिनी."

मी बघत राहिले. धावत्या गाडीचं कौतुक सगळेच करतात. हा माणूस उभ्या गाडीशीही तितक्याच अदबीने वागत होता.

दुपारी आजोबांनी पुन्हा किल्ली फिरवली. तर मुलांनो, आता इंजिन सुरू होतं, दोन्ही दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि गाडी आपल्याच घरी आहे.