घरचा अनुभव

माझा पहिला बायोडाटा फुप्पीनं, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं लिहिला. तो लग्नासाठीचा होता. मुलगी शिवणकाम जाणते, स्वयंपाक उत्तम करते, स्वभावानं शांत आहे, असं सगळं त्यात होतं. ट्रॅक्टरचा फ्युएल पंप उघडून पुन्हा बसवते, हे नव्हतं. मी तसं सुचवून पाहिलं तेव्हा फुप्पी म्हणाली, "बेटा, ये बायोडाटा है, कबूलनामा नहीं."

आर्णीला दिग्रस रोडवर अब्बांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. शाळेत होते तेव्हापासून मी तिथं पाने-पकडी हातात देत आले. बारावीनंतर आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिक या ट्रेडमध्ये मुलींसाठीच्या राखीव जागा रिकाम्या होत्या, म्हणून अब्बांनी नाव घालू दिलं. कोणतीही चीज वाया गेलेली त्यांना बघवत नाही. शिकून परत आले तर त्यांनी मागच्या शेडला पडदा लावून ठेवला होता. नोझल, पंप, हायड्रॉलिक अशी बारीक कामं पडद्यामागं माझ्याकडं येऊ लागली. गिऱ्हाईक विचारायचं, "कोणं केलं हे काम?" अब्बा सांगायचे, "यवतमाळचा कारागीर येते ना."

हा कारागीर बघता बघता तालुक्यात नावाजला. तो येईपर्यंत लोक ट्रॅक्टर सोडून जायला तयार असत. एकानं त्याच्यासाठी तुरीच्या ओल्या शेंगा पाठवल्या. त्या आम्ही उकडून खाल्ल्या.

लग्न होऊन मी बोरी अरबला गेले. नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. माझ्या नखांच्या काळ्या कडा पाहून त्यांनी आठवड्याभरातच सगळं ओळखलं आणि वाईट वाटून घेण्याऐवजी दुकानातला कॉम्प्रेसर माझ्यापुढं आणून ठेवला. आर्णीला कामं साचली की मी एसटीनं माहेरी जायचे. माहेरपणाला एवढं जाणारी सून गावात दुसरी नव्हती. मधे सहा महिने मी एका इंग्रजी बालवाडीत शिकवलं. मुलांना पोपट आणि सफरचंद इंग्रजीत सांगायचं काम होतं. मला ते फारसं जमलं नाही.

मग आयटीआयच्या निदेशकांची, म्हणजे तिथं शिकवणाऱ्यांची जाहिरात आली. कंत्राटी, पण सरकारी. माझाच ट्रेड. किमान तीन वर्षांचा अनुभव हवा होता. माझ्याकडं त्याच्या चौपट होता आणि कागद एकही नव्हता. बालवाडीचं प्रमाणपत्र मात्र होतं. रंगीत, लॅमिनेशन केलेलं, वर सोनेरी शिक्का. त्यात माझं काम अत्युत्कृष्ट असल्याचं लिहिलं होतं.

अर्ज भरायला ऑनलाइन सेंटरवर गेले. तिथला पोरगेलासा मालक म्हणाला, "ताई, सगळं टाका. बालवाडी, शिवणक्लास, बचतगट, जे असन ते. पानं वाढले की वजन पडते."

नवऱ्याला ते पटलं नाही. "मागितलं तेवढंच दे," ते म्हणाले. "जास्त सांगतलं की सरकारले वाटते, ही एका जागी टिकत नाही."

मला नवऱ्याचं पटलं. बालवाडी वगळली, शिवणक्लास वगळला. एकच ओळ ठेवली, गॅरेजची. आता त्या ओळीखाली अब्बांची सही पाहिजे होती.

अब्बा क्लचप्लेट पुसत बसले होते. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहून देतो. पण मंग त्या यवतमाळच्या कारागिराचं काय करू?"

"त्याले रजा द्या," मी म्हटलं.

"हेल्पर लिहू?"

"हेल्परचा अनुभव चालत नाही."

"मंग 'कामात मदत करत होती' असं लिहितो. तेही खोटं नाही."

"अब्बा, पंपाचं काम तुमी कधी केलं?"

त्यांनी क्लचप्लेट उलटी करून पुसायला घेतली. मला वाटलं, चिडले. पुसून झाल्यावर म्हणाले, "लोकायले वाटन, पोरीच्या जिवावर दुकान चालवलं." आणि उठून हात धुवायला गेले. मी तशीच बोरीला परतले. रस्ताभर मला त्यांचा राग येत होता, आणि दिवसभर ग्रीसमध्ये बसणाऱ्या माणसाला हेच तेवढं कमीपणाचं वाटावं याचं हसूही येत होतं.

चार दिवसांनी त्यांनीच बोलावलं. गॅरेजला आजवर कधी लेटरहेड नव्हतं, ते त्यांनी छापून घेतलं होतं, वर ट्रॅक्टरचं चित्र टाकून. खाली त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'पंप व हायड्रॉलिकचे सर्व काम माझी मुलगी हीच करत होती व आजही करते. मला ते काम येत नाही.' शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले.

कागद लिहिताना अब्बांनी प्रेसवाल्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं होतं, त्यामुळं बातमी गावभर झाली. तुरीच्या शेंगावाले काका दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि अब्बांना बाजूला नेऊन विचारलं, "ते ठीक हाय, पण तो यवतमाळवाला आता येत नाही काय? त्याचा हात लय साफ होता."

मुलाखतीला तिघं जण होते. अब्बांचं अक्षर लागेना म्हणून साहेबांनी कागद शेजारच्या मॅडमकडं दिला. त्यांनी तो शेवटच्या वाक्यासकट मोठ्यानं वाचला. साहेब म्हणाले, "प्रमाणपत्र वडिलांचं आहे. घरचा अनुभव आम्हाला धरता येत नाही."

"सर, काम तर ट्रॅक्टरचंच आहे."

"असेल. पण पगारपत्रक आहे का? हजेरी आहे का?"

हजेरी म्हणजे माझे हात होते. ते मी ओढणीखाली घेतले.

मॅडमना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "दुसरा काही अनुभव? निदेशकाचं काम शिकवण्याचं असतं. कुठं शिकवलंय का?"

पिशवीच्या तळाशी बालवाडीचं प्रमाणपत्र होतं. घरातले सगळे कागद एकाच फाईलमध्ये असतात म्हणून आलं होतं, एवढंच. मी ते काढून दिलं. सोनेरी शिक्का पाहताच टेबलावरचं वातावरण बदललं. ते तिघांच्या हातातून फिरलं.

"हे अर्जात का नाही लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"ट्रॅक्टरशी संबंध नव्हता म्हणून, सर."

"अहो, अध्यापनाचा अनुभव आहे हा, सहा महिनेही चालतात," ते जरा रागानंच म्हणाले, आणि काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी आर्णीला उतरले. अब्बा वाट बघत होते. त्यांचा कागद धरला नाही, हे सांगणं भाग होतं. सांगितलं.

त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाले, "पण वाचला त्यायनं?"

"वाचला. मोठ्यानं."

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

निवड यादीत माझं नाव आलं. बालवाडीच्या बळावर मी आता पोरांना डिझेल इंजिन शिकवते. वर्कशॉपमधल्या ट्रॅक्टरचा पंप मी येण्याआधीपासून बंद होता. तो दुरुस्त करायची परवानगी मागितली तर उत्तर आलं की दुरुस्ती अधिकृत, अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावी. पत्र वाचून मी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि पोरांना पंप उघडायला लावला.